रात्र वाईट गेली तरी

प्रिय मनू,

काल म्हणालीस, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही, म्हणून दिवसभर पडूनच होते." फोनवर समजावायला गेलं की तू "हो गं आई" म्हणून विषय संपवतेस, म्हणून लिहितेय.

आठव्या महिन्यात झोपमोड होणारच. सारखं लघवीला उठणं, घशाशी येणं, पोटरीत गोळे, हे सगळं काही चालण्याने जाणार नाही. पण दिवस लोळून काढलास तर अंग दमतच नाही, मग रात्री झोप यायची कुठून? जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. वार (प्लासेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा बीपी वाढलं असेल तर गोष्ट वेगळी. तुला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही ना? मग झालं.

आकड्याने दडपून जाऊ नकोस. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं चाललीस तरी सुरुवात झाली. चालताना बोलता यावं, इतपतच वेग ठेव. पोहायला मिळालं तर फारच छान, पाण्यात पोटाचा भार जाणवत नाही. झोपायच्या तोंडावर मात्र दमवणारं काही नको. तेव्हा फक्त पोटऱ्या ताण: भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर. रात्री गोळा आलाच तर पायाची बोटं स्वतःकडे ओढ. पोटामुळे हात पोचत नसेल तर नवऱ्याला उठव. उठू दे की!

झोपताना कुशीवरच. डावी की उजवी यावर वाद नकोत, दोन्ही चालतात. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस तर घाबरू नकोस, कूस बदल नि झोप.

चालताना रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं तर थांब आणि लगेच डॉक्टरांना फोन कर. बाळाची हालचाल कमी वाटली तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी सकाळची वाट बघायची नाही. तळहात-तळपायांच्या खाजेने झोप उडत असेल तर तेही लगेच कळव, यकृताची तक्रार असू शकते.

आणि हो, हल्ली घोरतेस का? नव्याने सुरू झालं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाल, त्याचा बीपीशी संबंध असू शकतो. तू "छे, मी नाही घोरत" म्हणणार, तेव्हा जावईबापूंना विचारून कळव.

तुझी,
आई