मंगळवारी साडेचारला येणाऱ्या अक्कांना

अक्का, सलाम.

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत अजून सलामच म्हणतात. पहिल्या दिवशी मी तो केला तेव्हा तुम्ही, मी कुठल्या साहेबाला सॅल्यूट ठोकतोय की काय अशा नजरेनं पाहिलं होतंत.

परवा दादरला तुम्हाला कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसवायला आलो ते खरं तर चार वाक्यं बोलायची ठरवूनच. पण गाडी थांबते किती वेळ! तुमच्या दोन ट्रंका, लोणच्याची बरणी, खिडकीच्या जागेवर ठाण मांडून बसलेला तो कॉलेजचा पोरगा, या सगळ्यात गाडी हलली आणि मी फक्त ‘विजयवाड्याला उतरल्यावर फोन करा’ एवढंच ओरडलो. ठरवलेली चार वाक्यं तशीच खिशात घेऊन घरी आलो.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. तुमच्या चर्चचे पाळकसाहेब फोनवरून वाचून दाखवतो म्हणालेत. तरी मुद्दाम मराठीतच लिहितोय, कारण हे तुमच्याइतकंच आमच्या मराठी माणसांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. काही मजकूर त्यांच्यासाठीच आहे.

गेल्या जूनमध्ये आईला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वय एक्याऐंशी. घरात ती आणि मी. बहीण पुण्याला, तिच्या मागे तिचा संसार, महिन्यातून एक रविवार येते. मी हिशेबाचं काम घरी आणलं, म्हणजे दिवसा आई आणि रात्री हिशेब.

आमची आधीची मंडळी, म्हणजे चर्च, मोठी. दगडी इमारत, उंच घंटा, भिंतीवर संगमरवरी पाट्या. वडिलांनी गिरणीच्या पगारातून तिथे वर्षानुवर्षं वर्गणी भरली. १९८२ च्या संपात घरात चूल कशीबशी पेटत होती तेव्हासुद्धा आईनं दानार्पणाचं पाकीट कधी कोरं पाठवलं नाही. आईच्या आजाराची बातमी मी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. सदतीस जणांनी हात जोडले. मोजले मी, रात्री जागाच असायचो. दोन आठवड्यांनी एक वडीलजन येऊन गेले. आठ मिनिटं बसले, त्यातली तीन फोनवर. उठताना म्हणाले, “काही लागलं तर सांगा, संकोच करू नका.” पुढचा फोन आला तो नोव्हेंबरात, वार्षिक वर्गणी राहिल्याचा.

‘काही लागलं तर सांगा.’ नातेवाईक हेच म्हणाले, सोसायटीचे सेक्रेटरी हेच म्हणाले, मित्रही हेच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मीही आयुष्यात पन्नास जणांना हे म्हणून, हात झटकून घरी गेलेलो आहे. पण ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलंय त्याला काय लागतं हेच सुचत नसतं, हो. सुचलं तरी तोंडातून निघत नाही. सांगायचं काय? की दोन तास कुणीतरी बसा, मला नुसतं छताकडे बघत पडायचंय?

मग तुम्ही भेटलात. तेही कुठे, तर नेहरूनगरच्या मेडिकलच्या दुकानात. मी मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट मागत होतो, आवाज जमेल तेवढा खाली ठेवून. मागून तुमचा आवाज खणखणीत: “किसके लिए?” आईसाठी म्हटलं. “कितना वजन है माँ का? मीडियम मत ले, बाजूसे गळेगा. लार्ज ले.” सगळं दुकान ऐकत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पडल्यावर तुम्ही विचारलंत, दुपारी किती वाजता झोपते, किती वाजता उठते. आणि म्हणालात, “मंगळवारको साडेचार बजे आती मैं.”

‘येऊ का’ नाही. ‘सांगा’ तर नाहीच.

मंगळवारी चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बेल वाजली. तुम्ही चप्पल काढलीत, हातपाय धुतलेत, आईच्या पायांशी न बसता डाव्या बाजूला, तिला दिसेल अशा जागी बसलात. एकतीस वर्षं वॉर्डात आयाचं काम केलेलं आहे हे मला नंतर कळलं. मी आपला चहा ठेवू का, पंखा वाढवू का, उशी देऊ का करत घुटमळत होतो. तुम्ही माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि म्हणालात, “तम्मुडू, पहले बाल कटाके आव.” तम्मुडू म्हणजे तेलुगूत धाकटा भाऊ.

अक्का, हे पत्र खरं तर या एका वाक्यासाठी आहे. बाकीचं सगळं मी दोन ओळींत उरकलं असतं.

साडेतीन महिने मी केस कापले नव्हते. सवडच नव्हती असंही नाही. आपल्याला डोकं आहे हेच विसरलो होतो. तोपर्यंत आमच्या घरी जो आला त्यानं आईकडे पाहिलं, तिच्या रिपोर्टांकडे पाहिलं, औषधांच्या डब्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहणाऱ्या पहिल्या तुम्ही. खाली उतरलो. सलूनमध्ये खुर्चीवर बसलो, त्यानं मानेभोवती कापड गुंडाळलं, पाण्याचा फवारा मारला आणि मी झोपलो. म्हणजे अक्षरशः घोरायला लागलो असणार, कारण जागा झालो तेव्हा टीव्हीवरची मॅच संपली होती आणि माझ्यानंतर आलेली दोन गिऱ्हाइकं बाजूच्या खुर्चीवर उरकून गेली होती. पोरगा म्हणाला, “काका, उठवलं नाही. केस कधीच झाले.” ऐंशी रुपये घेतले. घड्याळात सहा वीस.

जिने दोन-दोन करत चढलो. वाटलं, आता तुम्ही घड्याळ दाखवणार. तुम्ही खिडकीपाशी तुमचं तेलुगू बायबल मांडीवर घेऊन ओळीवर बोट ठेवून वाचत होतात. आई जागी होती. मी वाकलो तसा तिनं डावा हात उचलून माझ्या मानेवर ठेवला, नुकत्या कापलेल्या केसांवर उलटा फिरवला, ते टोचतात ना, तसे टोचले तिला, आणि ती हसली. अर्ध्याच तोंडानं हसली, पण जूनपासून पहिल्यांदा.

मग तुमचं येणं रुळलं. गुरुवारी तुमच्या मंडळीतल्या दुसऱ्या बाई यायला लागल्या, कधी शनिवारी ते बांधकामावरचे भाऊ येऊन आईला चादरीसकट अलगद सरकवून जायचे. कोण कुणाकडे कधी जाणार याची तुमच्याकडे एक वही आहे हे मला फार उशिरा कळलं. लाल पुठ्ठ्याची, शाळकरी. चाळीसेक घरांची मंडळी, स्वतःची इमारत नाही, रविवारी शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन उपासना. पण वही आहे. आणि तांदळाचा तो डबा आहे. घरोघरी भात टाकताना एक मूठ बाजूला काढायची, रविवारी सगळ्यांच्या मुठी एकत्र करायच्या आणि ज्याला नड असेल त्याच्याकडे पोचवायच्या. ‘पिडिकेडु बिय्यम’, तुम्ही शिकवलंत. ऑक्टोबरात माझी दोन बिलं थकली तेव्हा तो तांदूळ आमच्याही घरी आला. कुणी दिला ते ठाऊक नाही, कारण मुठीवर नाव नसतं.

तुमची मंडळी लूथरन पंथाची. आमच्या जुन्या मंडळीतल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणतो, “लूथरन? ते तेलुगू लोक? जरा बघ, कुठले लोक आहेत ते.” अक्का, रागावू नका, पण हे लिहायलाच हवं. मिशनरी नगरला आले १८३१ साली. आमच्या पणजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू देत नव्हते, त्यांना त्या मंडळीत पहिल्यांदा कुणी शेजारी बसवून घेतलं. त्यांचीच पतवंडं आता एसी लावलेल्या वेदीपाशी उभी राहून ‘कुठले लोक’ विचारतात! मी त्याला म्हटलं, साडेचारला येणारे लोक आहेत. तो हसला. त्याला विनोद वाटला.

तुम्ही कुठल्या, ते तुम्हीच सांगितलंत, आईच्या टाचांना तेल लावता लावता. गुंटूरच्या. जन्म कुगलर दवाखान्यातला. अ‍ॅना कुगलर नावाची अमेरिकन डॉक्टरीण १८८३ साली तिथे आली, मिशननं तिला आधी डॉक्टर म्हणून धाडलंच नव्हतं, तरी ती बायकांना तपासत राहिली आणि १८९८ ला दवाखाना उभा राहिला. तुमच्या आजीनं तिला पाहिलं होतं म्हणे. तुम्ही हे अशा थाटात सांगितलंत की जणू कुगलरबाई तुमच्या माहेरच्याच.

रिफॉर्मेशनच्या रविवारी, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेची आठवण करतात त्या रविवारी, मी हॉलमध्ये शेवटच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, आता १५१७, विटेनबर्ग, पंच्याण्णव मुद्दे वगैरे शाळेतलं येणार. तुमचे पाळकसाहेब बोलले ते दहा वर्षांनंतरच्या गोष्टीवर. १५२७ ला विटेनबर्गमध्ये प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गावी हललं, ल्यूथरलाही जा म्हणून सांगितलं. तो गेला नाही. बायको गरोदर, घरात आजारी माणसं. प्लेगमध्ये पळून जावं का, असं कुणीतरी विचारलं होतं, त्याला त्यानं लांबलचक उत्तर लिहिलं. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही त्यानं खुशाल जावं, पण शेजाऱ्याला सोडून जाता येत नाही, असा त्याचा सूर. शिवाय औषध घ्या, घर धुरी देऊन स्वच्छ करा, उगाच संसर्ग पसरवू नका, हेही. प्रवचन तेलुगूत, मला शेजारचा मुलगा हिंदीत सांगत होता, त्यामुळे काही हुकलं असेल. माझं अर्धं लक्ष तुमच्याकडे होतं. तुम्ही पेंगत होतात. आदल्या रात्री कुणाच्या तरी उशाशी जागल्या होतात.

आईची आणि तुमची जी काय गट्टी जमली ती बघण्यासारखी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्यातून आईला कुठलीच बोलता येत नाही. तुम्ही पेज भरवताना विचारायचात, “चालु?” तेलुगूत चालु म्हणजे पुरे. आमच्या मराठीत चालू म्हणजे चालू! उच्चारही अगदी तोच, चांगल्यातला च. आई आज्ञाधारकपणे आ करायची. तुम्हाला वाटायचं म्हातारीला भूक फार. आठवडाभर तुम्ही तिला दीड वाटी पेज जास्त चारलीत आणि मी बाहेरच्या खोलीत हिशेब करत बसलो होतो, मला पत्ता नाही. कळलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की चमचा पडला.

आणि तो कागद. झटक्यानं बोलणं गेलं तरी पाठ असलेलं कधी कधी शिल्लक राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तुम्ही माझ्याकडून प्रभूची प्रार्थना मराठीत शब्दशब्द म्हणवून घेतलीत आणि मेडिकलच्या बिलामागे तेलुगू अक्षरांत उतरवलीत. पुढच्या मंगळवारी गोल गोल अक्षरांवर बोट फिरवत तुम्ही मराठी वाचत होतात, आई ओठ हलवत होती, आणि ‘भाकर’ या शब्दाला तिचा आवाज आला. दुसरा कुठला नाही, भाकरच. नगरची बाई ती. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभा राहिलो. तुम्हाला वाटलं असेल भांडी घासतोय.

चांगुलपणा म्हणजे काही दुर्मीळ चीज आहे असं मला आता वाटत नाही. माणसं चांगली असतातच, ती सदतीस जणंसुद्धा. फक्त त्यांच्या चांगुलपणाला वार नसतो, वेळ नसते. तुमच्याला होती. त्यावर घड्याळ लावावं अशी.

तुमच्या लेकीचं बाळंतपण नीट होऊ दे. तिकडे आता तुम्हालाच कुणीतरी बसवून ठेवा, गुडघे दाखवा, तेल लावून घ्या. लाल वही सध्या बांधकामावरच्या भाऊंच्या बायकोकडे आहे, माझंही नाव त्यात आहे, बुधवारी सहाला, कुर्ला पश्चिमेला एक आजोबा आहेत. ते मला पत्त्यांत फसवतात.

काल मंगळवार होता. साडेचारला आईनं दाराकडे मान वळवली. मी सांगितलं, अक्का गुंटूरला गेल्या, आता त्या दुसऱ्या बाई येतील पाचला. तिनं डावा हात वर केला, थांब म्हणून. पाच मिनिटांनी परत सांगितलं. परत हात वर. मग मी खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला बसलो आणि दोघं दाराकडे बघत राहिलो.

तुमचा,
तम्मुडू