स्कॅनच्या चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सस्नेह नमस्कार.

साठी ओलांडलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचा विसराळूपणा वाढला, की एमआरआय काढला जातो. चंदगडहून पहाटेची एसटी धरून माणूस कोल्हापूरला येतो आणि ‘वयोमानानुसार मेंदू आकसला आहे’ एवढे एक वाक्य घेऊन परततो. या वाक्याचे डॉक्टरने करायचे काय?

स्किझोफ्रेनियात मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंदावलेल्या असतात, हे सीटी स्कॅनवर १९७६ सालीच दिसले. हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी संबंधित मेंदूचा भागही सरासरीने लहान भरतो. एकट्या स्कॅनवरून स्किझोफ्रेनियाचे निदान होत नाही. मात्र आजार ठाऊक नसेल तर स्कॅन चुकीचा वाचला जातो.

कसा, ते बघा. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी ४२ मिमी, त्याच कापात कवटीची आतली रुंदी १३० मिमी. भागाकार ०.३२, ०.३ च्या वर म्हणजे पोकळ्या मोठ्या. त्यात रुग्ण पाय घासत चालतो, विसरतो, लघवी आवरत नाही. झाले, ‘मेंदूत पाणी साचलंय, ते काढायला नळी टाका’! पण पाय घासणे हॅलोपेरिडॉल या स्किझोफ्रेनियावरच्याच औषधामुळे असू शकते आणि विसरणे त्याचे दुष्परिणाम आवरायला दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलमुळे. (ती गोळी म्हातारपणी वर्षानुवर्षे तशीच चालू राहते, हे वेगळे दुखणे.) पाणी खरेच साचले असेल, तर बहुधा डोक्याच्या माथ्याकडच्या मेंदूच्या घड्या दाटतात आणि कॉर्पस कॅलोसमचा (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याचा) कोन ९० अंशांच्या आत येतो. हा कोन योग्य प्रतलातच मोजावा लागतो. त्यासाठी १ मिमीचे त्रिमितीय काप हवेत. ५ मिमीच्या आडव्या कापांवर भागत नाही.

हे १ मिमीचे काप सर्वांत आधी घ्यावेत. रुग्ण नंतर चुळबुळतो, आणि हललेल्या चित्रात मेंदूची साल, म्हणजे बाहेरचा थर, आहे त्याहून पातळ दिसते. मशीनचा ठोठो आवाज त्याला आधीच ऐकवावा. ज्याला भास होतात त्याच्यासाठी तर नक्कीच.

सरकारी रुग्णालयांत स्कॅनला पाठवतानाच्या चिठ्ठीवर तीन रकाने सक्तीचे करा: आजार कोणता व किती वर्षांचा, चालू गोळ्या डोससह, तक्रार कधीपासून. तक्रार दोन-तीन आठवड्यांचीच असेल, तर पडून कवटीत रक्त साकळले आहे का, हे आधी पाहावे लागते. विसराळूपणाची इतर कारणे शोधायच्या बी-१२, थायरॉइड, साखर या तपासण्या स्कॅनची तारीख मिळेपर्यंत उरकता येतात.

आणि फिल्मसोबत सीडी द्या. दोन वर्षांनी तुलना करायची वेळ येते, तेव्हा कपाटावरच्या गुंडाळीतून मिलिमीटर मोजता येत नाहीत.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यात मनोविकार व क्ष-किरण विभागांत काम करणारे आम्ही काही जण