गिंबल थरथरतो तेव्हा आधी तोल पाहा

संपादक महोदय,

चालत्या गाडीवर किंवा बोटीवर कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल थरथरू लागला, की बहुतेक जण थेट सेटिंग बदलतात. कृपया तसे करू नका. आधी वीज बंद करून तिन्ही अक्षांवर (वर-खाली झुकणे, बाजूला कलणे, डावीकडे-उजवीकडे वळणे) तोल साधा. कॅमेरा कोणत्याही कोनात सोडला तरी तिथेच थांबला पाहिजे. तोल नसेल तर गिंबलची मोटर सतत वजन पेलत तापते आणि धक्का सावरायला तिच्यात जोर उरत नाही. ताठ केबलही कॅमेऱ्याला ओढते, म्हणून मऊ तारेचा सैल वळसा ठेवा. मग गिंबल अजिबात न हलवता जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे शून्य ठरवा. गेन (मोटरने धक्क्याला किती जोराने प्रतिसाद द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) शेवटी, एका वेळी एकाच अक्षाचा वाढवा. मोटर गुणगुणू लागली की थोडा उतरवा. लेन्स बदलली, की तोल पुन्हा साधावाच लागतो.

– एक वाचक