पहिल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीबद्दल आप्पांना जाहीर आभारपत्र

आदरणीय आप्पा,
सप्रेम राम राम.

भुसावळहून मीटर आणि हेडफोन घेऊन तुम्ही आलात, याचे आभार तोंडी मानून झाले आहेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही दिलेला मोजणीचा क्रम एका यंत्रापुरता ठेवण्यासारखा नाही. चोपडा-यावलपासून शिरपूर-शहाद्यापर्यंत कितीतरी घरांच्या माळ्यावर जुने व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ पडून आहेत. त्यातले ईएल८४ काढून पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधायला निघालेल्या कुणालाही हे उपयोगी पडेल.

वाचणाऱ्यांसाठी सर्किट थोडक्यात सांगतो. आत सिग्नल वाढवायला ईसीसी८३ या व्हॉल्व्हचा अर्धा भाग, पुढे स्पीकर चालवणारा एकच ईएल८४, पुरवठ्याला एसीचं डीसी करणारा ईझेड८१. पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्ट, ८० मिलिअ‍ॅम्पिअरचा. पहिला कॅपॅसिटर ३३ मायक्रोफॅरड, मग ४७० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, मग १०० मायक्रोफॅरड. दोन्ही कॅपॅसिटर ४५० व्होल्टचे. ईएल८४ च्या कॅथोडला (जिथून प्रवाह निघतो) १५० ओहम, ग्रिडला (जिथे सिग्नल येतो) ४७० किलोओहम. आउटपुट ट्रान्सफॉर्मर ५ किलोओहमचा, स्पीकर ८ ओहमचा. यातून स्वच्छ आवाजात चार-साडेचार वॅट मिळतात, आणि घरातल्या खोलीला ते भरपूर होतात.

तुम्ही पहिल्यांदा प्लग काढायला लावलात आणि सप्लायच्या वायरमध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा दिवा सिरीजमध्ये लावलात. सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच दिला की दिवा क्षणभर चमकून जवळपास विझायला हवा. तो पूर्ण उजेडाने पेटून राहिला तर ट्रान्सफॉर्मर किंवा वायरिंग शॉर्ट आहे, पुढे जायचं नाही. दिवा शांत राहिला की आधी फक्त ईझेड८१, मग बाकीचे. एवढ्याशा होल्डर-दिव्यामुळे पॉवर ट्रान्सफॉर्मर वाचतो, ही गोष्ट प्रत्येक बांधणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावी.

त्यानंतर तुम्ही कागदावर पिनवार तक्ता काढलात आणि म्हणालात, "आधी मोज, मंग बोल." मीटरची काळी तार मगरचिमट्याने चॅसीला (पत्र्याच्या सांगाड्याला), लाल तार एका हातात, दुसरा हात खिशात. स्पीकर जोडलेला असलाच पाहिजे, कारण लोड नसताना सिग्नल दिला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. आणि मोजताना भिंतीतला सप्लाय किती होता तेही शेजारी लिहायचं. जुन्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी बहुतेक २२० व्होल्टची असते. तिच्यावर २४० आले तर ६.३ चा हीटर ६.९ च्या आसपास जातो, म्हणजे सोसण्याच्या अगदी कडेला. सप्लाय न लिहिलेला तक्ता दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही.

तक्ता असा. पहिल्या कॅपॅसिटरवर सुमारे २९० व्होल्ट, दुसऱ्यावर २६०. ईएल८४ ची प्लेट (जिथे प्रवाह पोचतो), पिन ७, सुमारे २४८. स्क्रीन (ग्रिड आणि प्लेटच्या मधली दुसरी जाळी), पिन ९, सुमारे २५५. कॅथोड, पिन ३, साडेसात ते आठ. ग्रिड, पिन २, शून्य. ईसीसी८३ ची प्लेट, पिन १, दीडशे ते एकशे पासष्ट, आणि कॅथोड, पिन ३, सव्वा व्होल्टच्या आसपास. पिना सॉकेटच्या खालून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजायच्या. डेटाशीटमधलं चित्रही खालूनच काढलेलं असतं. वरून मोजलं की सगळं सॉकेट उलटं जोडलं जातं.

या तक्त्यातला सगळ्यात बोलका आकडा कॅथोडचा, हे तुम्ही ज्या सहजतेने दाखवलंत ते विसरणं शक्य नाही. ७.८ भागिले १५० म्हणजे ५२ मिलिअ‍ॅम्पिअर. त्यातले पाचेक स्क्रीनचे, उरलेले ४७ प्लेटचे. प्लेट आणि कॅथोडमध्ये २४० व्होल्ट, म्हणून प्लेटवर सव्वाअकरा वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅटची आहे. एका रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरून व्हॉल्व्ह सुखात आहे की भाजतो आहे ते कळलं. कॅथोडवर शून्य आलं तर एक तर व्हॉल्व्ह वाहत नाही, नाहीतर बायपास कॅपॅसिटर (कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर लावलेला) शॉर्ट आहे. दुसऱ्या प्रकारात प्लेट लाल होते, त्यामुळे फरक डोळ्यांनीच कळतो. तीस-चाळीस व्होल्ट आले तर रेझिस्टर तुटलेला, आणि २५ व्होल्टचा बायपास आता फुगणार. प्लेटला काहीच नाही पण स्क्रीनला व्होल्टेज आहे, असं दिसलं तर ताबडतोब बंद करायचं. अशा वेळी आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली असते, प्लेटचा प्रवाहही स्क्रीनच ओढते आणि तिची बारीक तार तापून लाल होते. चांगला व्हॉल्व्ह मिनिटभरात जातो, आणि बंगळुरूच्या बेल कंपनीचे जुने ईएल८४ आता सहज मिळत नाहीत.

आमच्या यंत्रात कॅथोडवर सुरुवातीला पावणेआठ यायचे आणि अर्ध्या तासात अकरा व्हायचे. तुम्ही पिन २ वर मीटर ठेवून तापू दिलंत. ग्रिडवर हळूहळू पॉझिटिव्ह व्होल्ट चढत गेले. मग यंत्र बंद करून, कॅपॅसिटर रिकामे करून, ईसीसी८३ कडून येणारा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपलिंग कॅपॅसिटर एका टोकाने सुटा केलात आणि पुन्हा चालू केलंत. ग्रिड शून्यावर राहिली. कॅपॅसिटर सुटा केल्यावरही व्होल्ट राहिले असते तर दोष व्हॉल्व्हमधल्या गॅसचा, आणि गेले तर गळती कॅपॅसिटरची. जुन्या रेडिओतले मेण-कागदाचे कॅपॅसिटर गार असताना मीटरला निर्दोष दिसतात, तापले की गळतात. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीसच्या वर पारा असतो, चॅसीच्या आत तर विचारूच नका. म्हणून खान्देशात बांधणाऱ्याने कपलिंगला जुना कागदी कॅपॅसिटर वापरूच नये. ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलिन घ्यावा. इलेक्ट्रोलिटिकही १०५ अंशांचे घ्यावेत आणि ईएल८४-ईझेड८१ पासून चार बोटं लांब बसवावेत.

आता हमची, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीची गोष्ट. पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरवर बहुतेक लोक इथेच हात टेकतात आणि कॅपॅसिटर वाढवत सुटतात. ईझेड८१ ला तर पहिल्या जागी ५० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा लावताच येत नाही, चार्जिंगचे झटके त्याला सोसत नाहीत. तुम्ही आधी विचारलंत, "पन्नासचा आहे की शंभरचा?" मोबाइलवरच्या टोन अ‍ॅपने दोन्ही वाजवून कानाने जुळवता येतो, शंभरचा बरोबर एक सप्तक वर. ५० हर्ट्झचा हम हीटरच्या तारांतून, ग्रिडच्या उघड्या तारेतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वातून येतो. १०० हर्ट्झचा पुरवठ्यातून किंवा चुकीच्या ग्राउंडमधून. हे ठरलं की अर्धा शोध संपला.

शंभरच्या हमचं कारण ग्राउंडच्या एका तारेत होतं. पॉवर ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप आणि पहिल्या कॅपॅसिटरचं निगेटिव्ह यांच्यामधून सेकंदाला शंभर वेळा मोठे झटके वाहतात. त्याच तारेवर वाटेत ईसीसी८३ च्या कॅथोडचं ग्राउंड टांगलेलं असेल तर ते झटके थेट सिग्नलमध्ये मिसळतात. तारेचा रोध मिलिओहममध्ये असला तरी पुढच्या गेनमुळे ते ऐकू येतात. तुम्ही मधला टॅप सरळ पहिल्या कॅपॅसिटरच्या निगेटिव्हवर आणलात, तिथून एक तार दुसऱ्या कॅपॅसिटरवर, तिथून ईएल८४, तिथून ईसीसी८३, आणि शेवटी इनपुट सॉकेटपाशी चॅसीला एकच जोड. एकही नवा पार्ट न लावता तो हम गेला.

पन्नासच्या हमसाठी हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्यायच्या. वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम ग्राउंडला. ईसीसी८३ च्या ४ आणि ५ पिना एकत्र, दुसरी बाजू पिन ९. तरच तो ६.३ वर चालतो. एवढं करूनही थोडा राहिला, तेव्हा तुमचा हेडफोन बाहेर आला. सगळे व्हॉल्व्ह काढलेले, फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर चालू, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू सैल, त्याच्या सेकंडरीला हेडफोन. तो फिरवत जायचा आणि जिथे गुणगुण सर्वात कमी तिथे आवळायचा. बहुतेक वेळा दोघांची लोखंडं काटकोनात आली की ती जागा सापडते. खरं तर चॅसीला भोकं पाडण्याआधीच करायची ही चाचणी आहे, आणि ती सहसा सर्किटच्या कागदावर छापलेली नसते.

निगेटिव्ह फीडबॅकबद्दल (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागच्या टप्प्याला देणं) एवढंच: ती तार पहिल्या चालूकरणात सुटीच ठेवायची. नंतर व्हॉल्यूम कमी ठेवून टेकवायची. आवाज उतरला तर बरोबर, किंचाळला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या दोन तारा आपसात बदलायच्या. आणि ईएल८४ च्या पिन २ वर ४.७ किलोओहमचा ग्रिड स्टॉपर अगदी पिनेला चिकटून. तो नसला तर कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन सुरू होतं आणि काही वाजत नसतानाच तक्त्यातले आकडे नाचू लागतात.

शेवटचा दोष सर्वात अवघड होता, कारण तक्ता शंभर टक्के बरोबर होता. सूर स्पष्ट, पण डग्ग्याचा घुमारा नाही, खालचे स्वर फाटलेले. तुम्ही फीडबॅक सुटा केलात, कारण तो हा दोष झाकतो. स्पीकरच्या जागी ८.२ ओहम १० वॅट लावून ४०० हर्ट्झवर २ व्होल्ट केलेत, मग मोबाइलचा आवाज न बदलता ५० हर्ट्झ. साधा डिजिटल मीटर ४०० पर्यंत भरवशाचा असतो, म्हणून हजारऐवजी चारशे. ५० ला आउटपुट निम्म्याच्याही खाली गेलं. तुम्ही लगेच म्हणालात, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं स्टॅम्पिंग (गाभ्यातल्या लोखंडी पट्ट्या) उघडा.

वाइंडिंग उत्तम होतं. प्रायमरीला ६.३ व्होल्ट एसी दिल्यावर सेकंडरीला ०.२५ आले, म्हणजे फेऱ्यांचं प्रमाण २५ ला १, आणि ८ ओहमवर ५ किलोओहम. पण ई आणि आय आकाराचं स्टॅम्पिंग पॉवर ट्रान्सफॉर्मरसारखं एकाआड एक उलटसुलट भरलेलं. एकट्या ईएल८४ चे ४७ मिलिअ‍ॅम्पिअर डीसी प्रायमरीतून सतत एकाच दिशेने वाहतात. फट नसलेलं लोखंड त्यानेच सॅच्युरेट होतं (चुंबकत्वाने भरून जातं), इंडक्टन्स कोसळतो आणि खालचे स्वर जातात. पुश-पुलमध्ये (दोन व्हॉल्व्ह जोडीने चालतात त्या सर्किटात) दोन व्हॉल्व्हचं डीसी एकमेकांना कापतं, म्हणून तिथे उलटसुलट भरणं बरोबर असतं. तुम्ही सगळे ई एका बाजूला, सगळे आय दुसऱ्या बाजूला लावून मध्ये वहीच्या कागदाची एक पट्टी ठेवलीत. कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा, आणि चुंबकीय मार्गात ती फट दोनदा येते, म्हणून एकच पट्टी पुरली. मग क्लॅम्प आवळून पुन्हा ५० हर्ट्झ. आकडा वर आला आणि डग्गाही ऐकू आला.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मोटारी भरणारे वाइंडिंगवाले जागोजागी आहेत आणि त्यांचा हात सुरेख असतो. त्यांच्याकडून ट्रान्सफॉर्मर भरून घेताना कागदावर स्पष्ट लिहून द्यावं: एका व्हॉल्व्हचा, डीसी ४७ मिलिअ‍ॅम्पिअर, स्टॅम्पिंग एकाच बाजूने, मध्ये फट. हे सांगितलं की ते तसंच करून देतात.

आप्पा, तुम्ही जाताना पहिल्या कॅपॅसिटरवर २२० किलोओहम २ वॅटचा ब्लीडर (बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर) स्वतःच्या हाताने लावून डाख दिलात आणि बजावलंत की बंद केल्यावर तीन मिनिटं थांबायचं आणि तरीही मीटरने बघितल्याशिवाय हात घालायचा नाही. या काळजीबद्दल आम्ही तुमचे ऋणी आहोत. तुमच्या हस्ताक्षरातला तक्ता प्लॅस्टिकमध्ये घालून चॅसीच्या तळाच्या पत्र्याला आतून चिकटवला आहे. त्याखाली दुरुस्तीनंतरचे आकडे आणि त्या वेळचा सप्लाय, २३४ व्होल्ट, लिहिला आहे. ज्यांना नक्कल हवी त्यांना ती देतो आहोत.

आपले नम्र,
जळगावची व्हॉल्व्ह मंडळी