लातूरच्या ताईंना, माझ्या लॅपटॉपच्या आवाजाबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी माझ्या लॅपटॉपचा बारीक आवाज तुम्ही फोनवरूनच मोठा करून दिलात, पण मला आभार मानूच दिले नाहीत. "अहो दादा, त्यात काय एवढं," म्हणालात आणि फोन ठेवलात. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण माझ्यासारखंच कुणी या अडचणीत बसलं असेल तर त्यालाही उपाय कळावा.

मला दिसत नाही. लॅपटॉप मी ऐकून वापरतो. ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर पडद्यावरचं सगळं ईस्पीकच्या मराठी आवाजात वाचून सांगतो. त्यामुळे लॅपटॉपचा आवाज बारीक झाला की माझ्यासाठी पडदाच विझतो.

जुना लॅपटॉप घेतला, भाच्यानं त्यावर विंडोजच्या जागी चालणारी उबंटू २४.०४ ही सिस्टिम टाकून दिली, आणि त्या दिवसापासून मी कीबोर्डला कान लावून बसायला लागलो. आवाजाचं बटण दाबत दाबत १०० टक्क्यांवर नेलं तरी पंख्याच्या घरघरीत शब्द बुडायचे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की काम बंदच. इअरफोनमध्ये सगळं लख्ख ऐकू यायचं, पण इअरफोन लावले की माझं घर बंद होतं. दारात कोण आलं, आई काय म्हणाली, पेटी शिकायला आलेली लेकरं ओट्यावर येऊन बसली का, हे मला कानांनीच कळतं. ते कान मी दिवसभर बुजवून ठेवू शकत नाही.

दुकानात नेला तर मिनिटभरात निकाल मिळाला, "स्पीकर उडालेत, बदलावे लागतील." दुसऱ्या एकानं व्हिडिओ पाठवला आणि त्यात दाखवलंय तसं करा म्हणाला.

मग तुमचा नंबर मिळाला. तुम्ही पहिल्यांदा विचारलं, "आवाज फाटतोय का, की नुसता बारीक येतोय?" ताई, पेटी दुरुस्त करणारा जाणता माणूस असंच विचारतो. मी म्हणालो, सूर स्वच्छ आहे, फक्त लांबून आल्यासारखा येतोय. तुम्ही लगेच म्हणालात, "मग स्पीकर चांगले आहेत. उडालेला स्पीकर खरखरतो." माझ्या कानावर तुम्ही विश्वास ठेवलात, आणि तिथंच माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

खात्रीसाठी तुम्ही मला टर्मिनलमध्ये, म्हणजे लॅपटॉपला टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीत, 'स्पीकर-टेस्ट' चालवायला लावलं. एकेक अक्षर सांगत होतात: स्पेस, डॅश, लहान सी, स्पेस, दोन, पुढं स्पेस, डॅश, टी, स्पेस आणि डब्ल्यू-ए-व्ही. मी कान टेकवला. डाव्या बाजूनं बाईच्या आवाजात "फ्रंट लेफ्ट", मग उजवीकडून "फ्रंट राइट". दोन्ही बारीक, पण दोन्ही धडधाकट.

यानंतर बहुतेक जण आवाज कमीजास्त करायचा अल्सामिक्सर हा प्रोग्राम उघडायला सांगतात. त्यात उभ्या पट्ट्या असतात आणि त्या बघून वरखाली करायच्या असतात. तुम्ही स्वतःहूनच म्हणालात, "ते नको दादा, ते डोळ्यांचं काम आहे. आपण एमिक्सर वापरू, त्याचं उत्तर अक्षरांत येतं." या एका वाक्यासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे. दिसणाऱ्यासाठी केलेला उपाय माझ्यापुढं न ढकलता तुम्ही तो माझ्या वाटेनं वळवून आणलात.

आधी 'एप्ले, स्पेस, डॅश, लहान एल' देऊन साउंड कार्डांची, म्हणजे आवाज बाहेर काढणाऱ्या भागांची, यादी ऐकली. माझ्या लॅपटॉपवर ० नंबरचं कार्ड एचडीएमआयचं, म्हणजे टीव्ही जोडायच्या वायरीचं, निघालं, खरे स्पीकर १ नंबरवर. आम्ही सगळे आजवर चुकीच्याच कार्डावर हात मारत होतो. मग १ नंबरच्या कार्डाला विचारलं, तर मास्टर, म्हणजे एकूण आवाज, १०० टक्के आणि नुसत्या स्पीकरचा ४५. तुम्ही समजावलंत, "गच्चीवरच्या टाकीचा कॉक अर्धा बंद असला तर खालचा नळ कितीही फिरवा, धार बारीकच येणार." नळाच्या पाण्याची वाट बघत वाढलेल्या आम्हा मराठवाड्याच्या माणसांना याहून सोपं कसं सांगणार?

'एमिक्सर डॅश सी एक, एससेट, स्पीकर, शंभर टक्के, अनम्यूट.' एंटर दाबलं. ऑर्कानं पुढची ओळ वाचली आणि स्वयंपाकघरातून आई विचारत आली, "कोण आलंय रं?" तिनं माझ्या लॅपटॉपचा आवाज तोवर कधी ऐकलाच नव्हता.

बदल टिकावा म्हणून 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर'ही करून घेतलंत. कमांडमध्ये कंट्रोल म्हणजे नुसतं सी-टी-एल, हेही बजावून सांगितलंत. शिवाय लेकरांसाठी घेतलेला ब्लूटूथचा डबा पहिल्यांदा जोडला की हळूच का बोलतो, तेही तुमच्याकडूनच कळलं. उबंटूत आवाजाची वाटणी वायरप्लंबर बघतो आणि नवीन स्पीकर तो ४० टक्क्यांवर सुरू करतो. त्या मोजपट्टीचं गणित घनाचं आहे, ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे मूळ ध्वनीच्या फक्त ०.०६४ पट. डेसिबलमध्ये सांगायचं तर सुमारे २४ नं खाली. मी सुरात राहणारा माणूस, मला हे गणित फार आवडलं.

त्यावर तुम्ही करून दिलेली शॉर्टकट तर मी रोज वापरतो. कंट्रोल, आल्ट आणि व्ही एकत्र दाबलं की आवाज थेट १०० वर येतो. आवाज चुकून शून्यावर गेला तर मला मेन्यूसुद्धा ऐकू येत नाही, हे तुम्ही माझ्या आधी ओळखलंत. १०० च्या पुढं मात्र नेऊ नका, पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या प्रोग्राममध्ये १५३ टक्क्यांपर्यंत जाता येतं पण सूर फाटतो आणि छोट्या स्पीकरवर ताण येतो, हेही सांगितलंत. ते मी पाळतोय.

काल मुसळधार पाऊस होता. पत्रे वाजत होते आणि मी दार उघडं ठेवून, इअरफोन न लावता, संध्याकाळपर्यंत काम केलं.

मार्गशीर्षात आमच्या योगेश्वरी देवीचं नवरात्र असतं. तेव्हा अंबाजोगाईला घरी या, आई वाट बघतेय. हुरड्याचे दिवसही तेव्हा जवळ आलेले असतात. आणि लेकरं तुम्हाला भूप वाजवून दाखवणार आहेत.

आपला,
अंबाजोगाईचा पेटीमास्तर