मांजरीचा पाय आणि आमचं अंथरूण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या उपचारांचा खर्च ज्यांना पेलत नाही, त्यांनी ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’, परवडत नसेल तर प्राणी पाळूच नयेत, असं एका वाचकांनी गेल्या आठवड्यात आपल्या याच सदरात लिहिलं होतं. आमच्या मांजरीकडे पसरायला आता तीनच पाय उरले आहेत. चौथा काढावा लागला. तो काढायचं ठरवताना माझ्या डोक्यात पैशांचा हिशेब चालू होता, हे मी उघड लिहिते आहे, कारण असं कुणी लिहीत नाही.

ती तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडली. मांजर पायांवरच पडतं, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हवेतल्या हवेत अंग वळवून घ्यायचं कसब त्याच्यात असतं. पण पायांवर पडलं म्हणजे लागलं नाही, असं नव्हे. पाय मोडतात, हनुवटी आपटते, तोंडातली टाळू चिरते, फुप्फुसांभोवती हवा साठते. यातलं मला तेव्हा काही माहीत नव्हतं. ती लंगडत पलंगाखाली गेली आणि मी हात लावला तर घुरघुरायला लागली, एवढंच मी पाहिलं. घुरघुरतेय म्हणजे बरी आहे, अशी मी समजूत काढली. मांजर दुखण्यातही घुरघुरतं. पण महिनाअखेर होती आणि मला ती समजूत हवीच होती.

दुसरा दिवसही तसाच काढला. संध्याकाळी घरात कुणीतरी सुचवलं म्हणून पॅरासिटामोलची अर्धी गोळी मी पाण्यात कुस्करून ठेवली. तिने दात घट्ट मिटून घेतले, म्हणून वाचली. पॅरासिटामोल निकामी करून बाहेर टाकायची माणसाच्या यकृताची जी सोय असते, ती मांजराच्या यकृतात जवळपास नसते. औषधाचं विष होतं, रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, हिरड्या तपकिरी पडतात. चार पैसे वाचवायला गेलेल्या माणसाच्या हातून मांजर जातं ते असं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना गाठला. तिथे आधी तिचा श्वास आणि हिरड्यांचा रंग पाहिला, प्राणवायू लावला, वेदनेचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं. एक्स-रे नंतर. मागच्या पायाचं मांडीचं हाड मोडलेलं होतं. प्लॅस्टर घालून भागेल का, हा माझा पहिला प्रश्न. नाही भागत. मोडलेल्या हाडाच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडले तरच प्लॅस्टरचा उपयोग होतो, आणि मांडीच्या वरचा सांधा म्हणजे खुबा. तो जखडायचा कसा? म्हणजे शस्त्रक्रिया, धातूची पट्टी, स्क्रू. डॉक्टरांनी आकडा सांगितला. तो माझ्या अडीच महिन्यांच्या पगाराएवढा होता.

मी गप्प. डॉक्टरही गप्प. दोघंही मांजरीकडे बघत राहिलो. ‘एवढे नाहीत माझ्याकडे’ हे तीन शब्द उच्चारायला मला किती वेळ लागला, ते सांगता येणार नाही. वाटत होतं की हे बोललं की आपलं प्रेम कमी अंकांत मोजलं जाईल. शेवटी बोलले, माझ्याकडे किती आहेत तेही सांगितलं, आणि मग त्यांचं बोलणंच बदललं. पाय वाचण्यासारखा आहे, पण तो काढला तर खर्च तिसऱ्या हिश्श्याहून कमी येईल. मांजरं तीन पायांवर चांगली वावरतात. पट्टी बसवल्यावर कित्येक आठवडे पिंजऱ्यात ठेवून पुन्हा पुन्हा एक्स-रे काढावे लागतात, तेही यात टळेल. हे सगळं त्यांना आधीपासून माहीत होतं. मी आकडा सांगेपर्यंत मात्र माझ्यासमोर एकच वाट मांडली गेली होती.

माझी तक्रार एवढीच आहे. डॉक्टरांच्या फीबद्दल नाही. मांजर चार किलोचं असलं तरी एक्स-रेचं यंत्र लहान होत नाही. उलट माणसाला ‘हलू नका’ म्हणून भागतं, मांजराला फोटोपुरतीही अनेकदा गुंगी द्यावी लागते. भूल, टाके, रात्रभर लक्ष ठेवणारं माणूस, हे सगळं लागतंच. पण उत्तमातला उत्तम उपचार आणि कायमचं झोपवण्याचं इंजेक्शन, या दोहोंच्या मध्ये बहुतेकदा आणखी एखादी वाट असते. ओटीपोटाच्या हाडांचे कितीतरी अस्थिभंग शस्त्रक्रियेशिवाय, चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात विश्रांती देऊनही जुळतात. ती मधली वाट मालकाने तोंड उघडण्याआधीच कागदावर आकड्यासह यायला हवी, आणि आज न केलं तर चालेल असं त्यात काय आहे, तेही. मधली वाट न विचारल्यामुळे आणि न सांगितल्यामुळे किती मांजरं त्या शेवटच्या इंजेक्शनपर्यंत पोचत असतील, अशी शंका मला तेव्हापासून छळते.

आणि आपल्यासारख्यांनी लाज गुंडाळून आकडा आधी सांगावा. हप्ते चालतील का, हेही विचारावं. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत खर्च अनेकदा कमी असतो, तिथेही चौकशी करावी. विमा असतो म्हणतात, पण तो पडण्याआधी काढायचा असतो. पडल्यावर सुचून उपयोग नाही. रस्त्यात गाडीखाली सापडलेलं बेवारस मांजर उचलून आणणाऱ्याला तर त्याचा काहीच उपयोग नाही.

‘परवडत नसेल तर पाळू नका’ हे काही नवं नाही. 1917 साली लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत मारिया डिकिन यांनी एका तळघरात जनावरांसाठी मोफत दवाखाना सुरू केला. गरिबांनी जनावरं ठेवूच नयेत, असं त्यांनाही म्हणता आलं असतं. त्यांनी दार उघडलं. गेल्या आठवड्याच्या पत्रलेखकांची मात्र, ‘परवडणं’ हे जणू एकदाच ठरतं, अशी समजूत दिसते. मी मांजर आणलं तेव्हा मला परवडत होतं. रोजचं आजही परवडतं. अडीच महिन्यांचा पगार एका सकाळी कुणाच्या खिशात असतो?

आमच्या ओळखीतल्या दोघांनी मला निर्दय म्हटलं. मांजरीला विचारायची सोय नाही. टाके निघाल्यावर ती कपाटावर चढायला लागली. उडी मारायच्या आधी अर्धा क्षण जास्त थांबते, बस्स.

आपली,
एक वाचक

ता. क. : गॅलरीला जाळी बसवली. तिचा खर्च दवाखान्याच्या पहिल्या दिवसाच्या बिलापेक्षा कमी आला.