फ्लोराईडचे यंत्र ग्रामसभेला विचारून बसवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराईड घालायला सुरुवात केली. तिथला वाद घालावे की नाही, असा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कित्येक गावांत प्रश्न उलटा: बोअरच्या पाण्यातले काढायचे कसे? मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर 1.5. उकळून ते जात नाही. पाणी आटले की प्रमाण वाढतेच.

फ्लोराईड काढायला नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची नलगोंडा पद्धत स्वस्त. आधी चुना व ब्लीचिंग पावडर, मग तुरटीचे द्रावण; मिनिटभर जोरात, दहा मिनिटे हळू ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्शाने. तुरटीची मात्रा मात्र फ्लोराईड आणि अल्कता (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) दोन्ही तपासूनच ठरते. अंदाजाने टाकली तर ॲल्युमिनियम पाण्यात उरते. शिवाय रोजचा गाळ टाकायचा कुठे?

हातपंपाला ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाची, म्हणजे फ्लोराईड धरून ठेवणाऱ्या दाण्यांची, टाकी जोडणे सोयीचे, म्हणून ठेकेदारांची लाडकी. पण दाणे फ्लोराईडने भरले की कॉस्टिक सोड्याने धुऊन सौम्य आम्लाने पुन्हा तयार करावे लागतात. ते कोणी केले नाही तरी पाणी तसेच नितळ दिसते, चव तीच. फ्लोराईड सरळ घागरीत. आरओत वाया जाणारे पाणी उन्हाळ्यात परवडत नाही.

तेव्हा निविदेआधी ग्रामसभेत तिन्ही पर्याय मांडावेत, देखभालीचा माणूस व वार्षिक खर्च ठरावात लिहावा, आणि यंत्रात जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्यातले फ्लोराईड तारखेसह फलकावर लावावे.

– पाणी तपासणीचे काम करणारे काही वाचक